कलमकाका आणि पंच नसलेला खेळ

फुटलेल्या खोक्याकडे बघून ते कोणी फोडलं हे सांगायचं, ही कलमकाकांची एकतीस वर्षांची नोकरी. मालवाहतुकीच्या एका मोठ्या कंपनीत दावे विभाग नावाची एक लांबोडकी खोली होती. एका भिंतीला फायलींची कपाटं, समोरच्या भिंतीला तडकलेले आरसे, वाकलेले पंखे, तीन पायांवर उभ्या खुर्च्या, आणि मधे टेबलामागे काका. ज्याचा माल त्याचं म्हणणं, हमालांनी आपटला. हमालांचं म्हणणं, बांधणाऱ्यानं आत पेंढाच घातला नाही. बांधणारा कानांवर हात ठेवून मोकळा. मग काका उठायचे, खोक्याभोवती दोन फेऱ्या मारायचे, खिळा कोणत्या अंगाला वाकलाय ते बघायचे, फळीचा वास घ्यायचे, कारण ओल लागलेली फळी नाकाला कळते, आणि शांतपणे म्हणायचे, कलम एकोणीस, पोटकलम तीन. झालं, विषय संपला. त्यावरून कलमकाका हे नाव पडलं. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते पगाराबरोबरच निवृत्त झालं.

आता तुम्ही म्हणाल, असला माणूस म्हणजे नुसता रुक्ष लाकूड. तर तसं मुळीच नाही. काकांना निकालाची हौस नव्हतीच, त्यांना हौस होती ती 'हे असं झालंच कसं' याची. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते हे जगाला पुरतं, काकांना पुरायचं नाही. कावळा किती वजनाचा होता, फांदी आधीच किडलेली होती का, हे बघायला ते झाडावर चढले असते. एकदा घरातले पाच चांगले कप वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून त्यांनी जिन्यावरून खाली सोडले होते, कुठला कागद किती धक्का सोसतो ते बघायला. पाचही फुटले. भावजय ते कप अजून विसरलेली नाही.

काका धाकट्या भावाकडे राहायचे, वरच्या खोलीत. भाऊ शिलाई मशीन दुरुस्त करायचा, भावजय शाळेच्या कचेरीत होती, आणि त्यांची एकुलती एक लेक, म्हणजे काकांची पुतणी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. काकांनी लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "दोन्ही पक्षांची संमती झाली नाही." खरं काय ते त्यांनाच ठाऊक. पण पुतणीवर जीव मात्र होता, आणि तो लपवायचा कसा हे त्यांना कधी जमलं नाही.

निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने काकांनी घरातल्या यच्चयावत वस्तूंची हमीपत्रकं वाचून काढली. मिक्सरचं वाचलं, पंख्याचं वाचलं, गादीचंसुद्धा वाचलं. भावजयीला सांगितलं की गादीवर उड्या मारल्यास हमी रद्द होते. ती म्हणाली, "भाऊजी, या घरात आता उड्या कोण मारणार आहे?" काकांनी पत्रक घडी घालून ठेवलं. काम नसलेला माणूस घरात कसा पायात पायात येतो हे त्यांना कळत होतं, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटायचं.

अशात एका सकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांना एक पांढरी प्लास्टिकची तबकडी सापडली, आणि तिच्याखाली टाचण्या मारलेलं एक पुस्तक. पुतणी तीन वर्षं अल्टिमेट फ्रिस्बी खेळते एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे संध्याकाळी धुळीनं माखून येते आणि गुडघे फोडून घेते एवढं माहीत होतं. पुस्तक नियमांचं होतं. उपाशी माणसापुढे ताट यावं तसे काका त्यावर तुटून पडले. पहिलं पान त्यांनी सवयीनं उलटून टाकलं. कुठल्याही नियमावलीचं पहिलं पान म्हणजे मोठ्या साहेबांची प्रस्तावना, त्यात ग्राहक हा देव वगैरे असतं, काम सुरू होतं दुसऱ्या पानावर. हे दावे विभागातल्या शिपायालाही ठाऊक होतं.

दुपारपर्यंत पुस्तक वाचून झालं आणि काका बुचकळ्यात पडले. सात-सात खेळाडू, हातात ती तबकडी, म्हणजे डिस्क, असताना पळायचं नाही, दहा मोजायच्या आत फेकायची, समोरच्या टोकाच्या पट्ट्यात झेलली की गोल, खाली पडली की दुसऱ्यांची. हे सगळं समजलं. पण पंच कुठेच सापडेना. पानं गळली असतील असं वाटून त्यांनी टाचण्या तपासल्या. पुतणी आल्या आल्या त्यांनी तिला दारातच गाठलं.

ती म्हणाली, पंच नसतोच. मग फाउल कोण देतं? ज्याला लागलं तो. आणि ज्यानं मारलं तो? तो म्हणतो, हो लागलं. नसेल पटत तर म्हणतो, नाही लागलं. काका इतके हसले की त्यांना खुर्ची ओढून बसावं लागलं. माणसं जर अशी आपण होऊन कबूल करत असती तर कंपनीनं एकतीस वर्षं आपल्याला काय शोभेला ठेवलं होतं, असं त्यांनी विचारलं. पुतणी बुटांची नाडी सोडत म्हणाली, "येऊन बघा."

काका गेले. पाण्याच्या टाकीमागे तारेचं कुंपण घातलेलं एक मैदान होतं, अर्धं गवत आणि अर्धी माती. पुतणीच्या संघात चौदा बायका-मुली. कोणी शिकणारी, कोणी दातांची डॉक्टर, एक बेकरीत पहाटेपासून पाव भाजणारी. त्या बेकरीवालीनं त्या दिवशी टोकाच्या पट्ट्यात अंग झोकून असा काही झेल घेतला की काकांच्या तोंडून नकळत वाहवा निघाली. सगळ्या तिच्या अंगावर येऊन पडल्या. आणि ती उठून, कोपराची माती झटकत म्हणाली, की नाही, पाय रेषेवर होता. या खेळात रेषा म्हणजे बाहेर. डिस्क निमूट दुसऱ्या बाजूला गेली आणि खेळ पुढे सुरू झाला.

काकांनी आ वासला तो पाणी प्यायच्या सुट्टीपर्यंत मिटला नाही. सुट्टीत ते सरळ तिच्याकडे गेले. तिचा पाय कोणालाच दिसला नव्हता हे त्यांनी चौघींना विचारून आधी पक्कं केलं होतं. मग तिनं सांगितलं का? ती बिचारी बाटली हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिली, प्रश्नच कळला नाही तिला. शेवटी म्हणाली, "मला दिसला ना."

हे वाक्य काकांच्या डोक्यात गोचिडासारखं रुतलं. दुसऱ्या दिवसापासून घडीची खुर्ची, ती नियमांची पुस्तिका आणि शंभर पानी वही घेऊन काका मैदानाच्या कडेला हजर. पावलं मोजायचे, रेषा बघायचे, आणि प्रश्न विचारून विचारून पोरींना भंडावून सोडायचे. डिस्क वाऱ्यानं रेषेबाहेर गेली आणि वाऱ्यानंच आत आली तर? हवेत उडी मारली मैदानातून आणि उतरली बाहेर, पण उतरायच्या आत फेकली तर? कुंपणावरून आत लोंबणाऱ्या फांदीला डिस्क लागली, तर फांदी मैदानातली की बाहेरची? पोरींना आधी गंमत वाटली, मग त्याच येऊन काकांना विचारायला लागल्या. घरी जेवणाच्या टेबलावर मिठाची बरणी म्हणजे फेकणारी, चमचे म्हणजे बचाववाल्या, आणि ताटली म्हणजे डिस्क, असा दरबार भरायला लागला. भाऊ म्हणाला, दादा, जेवू द्या आता. पण काकांचा चेहरा असा उजळलेला त्यानं वर्षभरात पाहिला नव्हता, म्हणून तोही चमचे मांडायला लागला.

त्या वर्षी पुतणी कप्तान होती. वर्षभराच्या साखळीत जो संघ पहिला येईल तो मोठ्या स्पर्धेला जाणार होता, परगावी, आठवडाभर. तिथं खेळायचं हे तिचं तीन वर्षांचं स्वप्न. गेल्या दोन्ही वर्षी त्या दुसऱ्या आल्या होत्या, आणि हे तिचं शेवटचं वर्ष. परीक्षा संपली की नोकरी, दुसरं शहर, खेळ बंद. घरात ती फारसं बोलायची नाही याबद्दल, पण तिच्या खोलीच्या दाराआड त्या स्पर्धेचं पत्रक चिकटवलेलं काकांनी पाहिलं होतं. आपल्या हातून पोरीला काही मदत झाली तर, असं त्यांच्या मनानं घेतलं. आणि इथेच घोटाळा झाला. करायला गेलं एक आणि झालं भलतंच.

त्याचं असं झालं. वहीच्या बाराव्या पानावर काकांना एक शोध लागला. समजा समोरची म्हणाली, फाउल, मला लागलं. तुम्ही मान्य केलंत, तर डिस्क तिची. पण तुम्ही म्हणालात, कॉन्टेस्ट, म्हणजे मला मान्य नाही, तर? डिस्क पुन्हा फेकणाऱ्याकडे परत जाते, आणि तो डाव नव्यानं. काकांनी हे तीनदा वाचलं. म्हणजे नाही म्हणण्यात तुमचं जातं काय? काहीच नाही. हो म्हणालात तर मात्र हातची संधी गेली. दावे विभागात पहिल्याच दिवशी शिकवायचे, की नोटिशीला सात दिवसांत उत्तर दिलं नाही तर आरोप कबूल धरतात. जो गप्प बसला तो फसला. आधी नकार टपालात टाकायचा, मग खरं काय ते शोधायचं. काकांनी लाल शाईनं लिहिलं: शंका असो वा नसो, आधी विरोध नोंदवा. नुकसान शून्य. आणि त्या पानासकट वहीच्या चौदा झेरॉक्स काढून संघात वाटल्या. वर प्रत्येकीला पान बारा काढून समजावून सांगितलं.

संघातल्या सगळ्यात उंच मुलीला सगळ्या शिडी म्हणायच्या. कायद्याचं शिकत होती ती. तिला पान बारा इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी तिनं ते पाठ म्हणून दाखवलं.

पुढचे चार सामने त्या जिंकल्या. पोरी काकांना खांद्यावर घ्यायच्याच बाकी होत्या. फक्त एक गोष्ट काकांच्या लक्षात आली नाही, आणि नवल हे की ज्या माणसाला वाकलेला खिळा दिसायचा त्याला ती दिसली नाही. सामने लांबायला लागले. आधी दोन मिनिटांत मिटायचं ते दहा मिनिटं चालायला लागलं. मैदानावर पळण्यापेक्षा उभं राहून बोलणंच जास्त. समोरच्या संघातल्या मुली सामना संपल्यावर हात मिळवायच्या, पण नजर दुसरीकडे ठेवून. काकांना वाटलं, हरल्यावर माणसं रुसतात, त्यात काय.

मग गुणपत्रकं आली. या खेळात सामना झाल्यावर दोन्ही संघ एकमेकांना खेळाच्या वृत्तीचे गुण देतात, पाच प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार. चार सामन्यांची चार पत्रकं पुतणीनं टेबलावर काकांसमोर ठेवली. नियमांचं ज्ञान किती, याला चारही पत्रकांवर चारपैकी चार. काकांची छाती फुगली. त्याखाली प्रश्न होता, समोरच्याशी न्यायानं वागले का? चारही पत्रकांवर शून्य. एकीनं खाली लिहिलं होतं, की तीन वर्षं आम्ही तुमच्याविरुद्ध खेळायची वाट बघायचो, आता नाही बघत.

पुतणी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, उद्यापासून मैदानावर येऊ नका."

काकांनी बचाव सुरू केला. वहीत लिहिलेली एकही गोष्ट नियमाबाहेर नाही, हवं तर पान दाखवतो. ती ऐकत राहिली. त्यांचं झाल्यावर तिनं एकच विचारलं, की तुम्ही पहिलं पान वाचलंत का? आणि जिना चढून खोलीत गेली.

काकांनी पुस्तक काढलं. पहिलं पान एकतीस वर्षांच्या सवयीनं अजून कोरं करकरीत होतं, बोटांचा डागसुद्धा नव्हता. प्रस्तावना नव्हतीच ती. नियम एक होता तो. त्यात म्हटलं होतं, की या खेळात कोणी मुद्दाम नियम मोडणार नाही असं आम्ही धरून चालतो, म्हणून मुद्दाम मोडणाऱ्याला शिक्षाच ठेवलेली नाही. प्रत्येक खेळाडू स्वतःचा पंच आहे. त्यानं खरं सांगायचं, समोरच्याचं ऐकून घ्यायचं, आणि स्वतःला मनापासून वाटत असेल तरच नाही म्हणायचं. बाकीचं सगळं पुस्तक या पानावर उभं होतं, आणि काका पायाचा दगड वगळून वरचे मजले मोजत बसले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो आपणच, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं स्वतःला सांगितलं. भावजय चहा घेऊन वर आली तर हे भिंतीकडे तोंड करून बसलेले. तिनं कप ठेवला आणि जाताना दार अलगद ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काका झेरॉक्सा गोळा करायला निघाले. दातांच्या दवाखान्यात गेले, बेकरीच्या मागच्या दारी गेले, कोणाच्या जिन्यात, कोणाच्या कॉलेजच्या फाटकाशी उभे राहिले. प्रत्येकीला एकच सांगायचे, माझं चुकलं, पान बारा विसरा. बेकरीवालीनं तिची प्रत एकदाही उघडली नव्हती. तशीच घडी घातलेली परत दिली, आणि काकांना त्याचंच जास्त लागलं. तेरा प्रती मिळाल्या. चौदावी देताना शिडी म्हणाली, "कागद घेऊन जा काका, पण पाठ झालेलं कसं नेणार?"

शेवटचा सामना रविवारी होता. दोन्ही संघांचे गुण सारखे, जो जिंकेल तो मोठ्या स्पर्धेला. काका सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होते. शेवटी पिशवी उचलून भाजी आणतो म्हणाले. भाजीचं दुकान डावीकडे, हे वळले उजवीकडे. पुतणी म्हणाली होती मैदानावर येऊ नका, आणि कुंपणाबाहेरची पायवाट म्हणजे मैदान नव्हे, असा त्यांनी वाटेत अर्थ लावून टाकला. जित्याची खोड, दुसरं काय. तारेला नाक लावून ते टोकाच्या पट्ट्यासमोर उभे राहिले. पुतणीनं पाहिलं आणि ती आपल्या जागेवर पळाली.

सामना बरोबरीत चालला. बारा-बारा झालं, आता जो गोल करेल तो जिंकला. समोरच्या संघाकडे डिस्क होती, मैदानाच्या मधोमध. त्यांच्या फेकणारीनं लांब भिरकावली, थेट काकांच्या समोरच्या पट्ट्यात. त्यांची एक चष्मेवाली मुलगी धावली, पुतणी तिच्या खांद्याला खांदा लावून धावली, दोघींनी एकदमच उडी मारली, चार हात वर गेले आणि डिस्क खाली पडली. चष्मेवाली हात धरून म्हणाली, "फाउल."

सगळं मैदान थांबलं. पुतणीनं मान्य केलं, तर डिस्क चष्मेवालीच्या हातात, पट्ट्याच्या रेषेवर; तिथून दोन पावलांवर गोल, म्हणजे सामना गेलाच. नाही म्हणाली, तर डिस्क पुन्हा मधोमध, चाळीस पावलांवर, आणि वारा त्यांच्या तोंडावर. शिडी धावत आली आणि म्हणाली, कॉन्टेस्ट म्हण, एक शब्द, बास. समोरची कप्तान कडवट हसली. ती म्हणाली, म्हणा ना, तुम्ही तेच म्हणता नेहमी. टोमणा पुतणीला होता आणि करणी काकांची होती.

पुतणी खाली पडलेल्या डिस्ककडे बघत होती. तेव्हा शिडीलाच सुचलं, की काका अगदी समोर उभे होते, त्यांना विचारू. समोरच्या कप्ताननं जरा विचार केला. खेळाडूंना वाटलं तर बाहेरच्याला विचारता येतं, हे तिलाही ठाऊक होतं. विचारा, म्हणाली. काकांना फाटकातून आत घेतलं. हातात रिकामी पिशवी, भोवती दोन्ही संघांच्या पोरी घामानं निथळणाऱ्या, आणि मधे पुतणी. तिनं डोळे वर केले. "काका, तुम्ही पाहिलंत?"

खरं सांगायचं तर काका बघत होते, डोळे फाडून बघत होते. पण त्यांच्या बाजूनं चारही हात एकावर एक आले होते, आणि नेमक्या त्या क्षणी त्यांची नजर डिस्कवर नव्हती, पोरीच्या चेहऱ्यावर होती. तरी डोकं चालू झालं, ते थांबतं थोडंच. डिस्क डावीकडे कलंडून पडली, म्हणजे उजवीकडून धक्का, म्हणजे पुतणीचा हात आधी डिस्कला, फाउल नाही. पण चष्मेवालीचं मनगट मागे गेलं होतं, म्हणजे आधी हाताला हात, फाउल आहे. एका मिनिटात दोन्ही बाजूंचे निकाल कलमांसकट तयार झाले, आणि दोन्ही इतके पक्के की कोणीही मान डोलावली असती. त्यातला एक उच्चारला की पोरीचं तीन वर्षांचं स्वप्न वाचत होतं. काकांचे ओठ हललेसुद्धा. त्यांना ते इतकं हवं होतं की त्यांना स्वतःचीच भीती वाटली.

"मला दिसलं नाही," ते म्हणाले. "दिसलं असं म्हणालो तर ते मी बनवलेलं असेल. मला विचारू नकोस, पोरी."

एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. शिडीनं कपाळाला हात लावला. पुतणी मात्र वळून चष्मेवालीच्या समोर गेली.

"लागलं?"

"हो."

"कुठे?"

चष्मेवालीनं उजव्या हाताची दोन बोटं पुढे केली. त्यांवर लाली नव्हती, ओरखडा नव्हता, काकांनी वाकून बघितलं तरी काही दिसलं नसतं. पुतणीनं त्या बोटांकडे पाहिलंही नाही, तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मान्य," ती म्हणाली.

डिस्क रेषेवर ठेवली गेली. शिडी जीव तोडून आडवी पडली, पण चष्मेवालीनं बाजूनं हलकेच सोडली आणि त्यांच्या दुसरीनं झेलली. संपलं. समोरच्या पोरी नाचल्या, मग नाचता नाचता थांबल्या, आणि त्यांची कप्तान आधी पुतणीकडे आली. दोघी काय बोलल्या ते काकांना ऐकू आलं नाही, पण हात मिळवताना या वेळी नजर चुकवली नव्हती. शिडी गवतावर उताणी पडून आकाशाकडे बघत होती, आणि बेकरीवाली तिला उठवायला हात देत होती.

घरी जाताना पुतणी आधी खूप रडली. रस्त्यात, उघड्यावर, बूट गळ्यात अडकवून. मला जायचं होतं तिथे, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. काका म्हणाले, माहीत आहे मला. रिकाम्या पिशवीनंच ते तिचे डोळे पुसायला गेले, तेव्हा ती रडता रडता हसली आणि पिशवी बाजूला सारली. मंगळवारी सरावाला येणार का, असं विचारलं तिनं. खुर्ची आणा, म्हणाली, वही नको. काकांनी मान डोलावली.

पण कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्यांना राहवेना. स्वभावाला औषध नसतं.

"एक विचारू? तुला हात लागल्यासारखा वाटला होता?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"जरासुद्धा नाही, काका."

"मग मान्य का केलंस? काय पुरावा होता? उद्या ती खोटं बोलली असेल तर?"

पुतणीनं नाक पुसलं आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, की एवढं साधं या शहाण्या माणसाला अजून कसं कळत नाही.

"बोटं तिची होती, काका."

काका जागच्या जागी उभे राहिले.  बाजूनं एक सायकलवाला घंटी वाजवत गेला, तरी ते बाजूला झाले नाहीत. पुतणी चार पावलं पुढे गेली, वळून बघितलं, आणि ते येईपर्यंत तिथेच थांबून राहिली.